एकाच शिंगातला तेरेरे

कोन्सेप्सिओनच्या इस्पितळात एलिखिया बेनितेस एकवीस वर्षे परिचारिका होती. आईला माती दिली त्या दिवशीही ती संध्याकाळच्या पाळीला उभी राहिली. देवाने हात दिले ते दुसऱ्याच्या अंगाखाली घालण्यासाठी, अशी तिची श्रद्धा. त्या हातांनी ती रुग्णाला उचली, वळवी, पुशी, आणि वेळ आली की त्याचे डोळेही मिटी.

साथीच्या दुसऱ्या वर्षी तिच्यावर आणखी एक काम आले. दर सोमवारी वॉर्डातल्या, तिच्यासह नऊ जणींच्या नाकात काडी फिरवायची. पट्टीवर एक रेघ आली तर कामावर, दोन आल्या तर चौदा दिवस घरी.

त्या सोमवारी दिवसपाळीच्या पाचही जणींच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. ना ताप, ना खोकला.

"पट्टीच खोटारडी तुमची!" निदिया रडकुंडीला आली. "बघा, घोड्यासारखी धडधाकट आहे मी. आणि क्रिस्पीनकाकांना श्वास घेता यावा म्हणून पालथं कोण घालणार? चार जणी लागतात त्यांना."

"माहीत आहे. जा घरी."

"आणि तुमची काडी, ताई? मागच्या सोमवारीही 'आधी तुम्ही' म्हणालात नि राहिलीच."

एलिखियाने यादीत पाचवे नाव लिहिले. आपण घरी बसलो तर वॉर्ड बसेल, या एका विचाराने तिने स्वतःला वगळले होते.

पाची जणी गेल्यावर ती विश्रांतीच्या खोलीत आली. मेजावर तेरेरे या थंड काढ्याचे पोकळ शिंग होते, त्यात येर्बा वनस्पतीचा ओला पाला, पाल्यात रुतलेली ओढून प्यायची चांदीची नळी. दिवसभर तोंडे बांधून वावरणाऱ्या त्या बायका दहा वाजता इथे तोंडे उघडीत. पहिल्या वर्षी प्रत्येकीचे शिंग निराळे होते. मग सोबतीण ब्लासिदा गेली, आणि तिला पुरून आल्यावर एलिखियानेच जुने शिंग मध्ये ठेवले: "निराळं प्यायला आपण काय परक्या आहोत?" थंड पाण्याची पहिली ओत रिवाजाने संत टोमासची, ती पाल्यानेच प्यायची. दुसरी वाढणारीची. मग त्याच नळीने उरलेल्यांची, ओळीने. वाढणारी एलिखिया होती.

उरल्या होत्या रात्रपाळीच्या तिघी, ज्या या मेजाशी कधी बसल्या नव्हत्या. सकाळीच तपासलेल्या, एकेक रेघेच्या. त्या तिघी आणि ती मिळून चार. बरोबर चार. नदीवर उभा जन्म नाव हाकणाऱ्या क्रिस्पीनकाकांनी काल तिचे मनगट धरले होते: "पोरी, उताणं मरू देऊ नकोस गं. छातीवर दगड बसतो."

काडी हातात, दार बंद. प्रभो, कोणाला कळणार होते? तिला कळणार होते. ज्या हातांनी त्या म्हाताऱ्याला पेलायचे, तेच हात तिघींच्या तोंडाशी आजार नेणार होते.

तिने काडी फिरवली. दुसरी रेघ पहिलीहून गडद आली. यादीत सहावे नाव तिने स्वतःचे लिहिले आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

बुधवारी दुपारी फोन आला. रात्रपाळीची पेर्ला होती.

"क्रिस्पीनकाका गेले, ताई."

"उताणेच?"

"तिघीच होतो हो. दोनदा उचलून पाहिलं. प्राणवायूची नळी सुटेल म्हणून परत ठेवलं."

"आणि तुमच्या पट्ट्या?"

"आज परत पाहिल्या. एकेकच रेघ आहे अजून."

देवाचे आभार मानायला एलिखियाने तोंड उघडले. तोंडून निघाले ते म्हाताऱ्याचे शब्द: "उताणं मरू देऊ नकोस गं."