गौरीची नजर

हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना होता. अंगाचा रंग बायकांनी द्यायचा, पण आखणी, म्हणजे डोळे काढणं, फक्त बाबांचं. "बाईचा हात हलतो," असं ते म्हणायचे. दिवसभर सोनेरी रेघा ओढणाऱ्या माझ्या आईचा हात हललेला मी तरी कधी पाहिला नाही.

नव्वदीची सुरुवात होती. हंगामात पेणहून भाड्यानं व्हीसीआर यायचा आणि दुपारी कामाबरोबर सिनेमा चालायचा. त्या वर्षी एका सोशिक सुनेची कॅसेट आम्ही झिजवली. सासू छळते, नवरा हाकलतो आणि शेवटी हीच त्याच्या पायांवर डोकं ठेवते. आम्ही सगळ्या रडायचो. मी तर आरशासमोर तिच्यासारखी मान झुकवून बघायची. आता स्वतःचाच राग येतो, पण त्या दुपारी फार सुखाच्या होत्या.

अशात बाबांच्या बोटाला कोयता लागला. गौरींचे चाळीस मुखवटे आखायचे राहिले होते. बारीक ब्रश पहिल्यांदाच आईच्या हातात आला. हे नीट झालं तरच तो हातात राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं. समोर सिनेमा चालू ठेवून तिनं चाळीसही आखले.

रोह्याची एक म्हातारी गिऱ्हाईक आली. मुखवटा हातात घेऊन म्हणाली, "ही खाली का बघते गो? गौर घरात आली की आम्ही तिला चूल, कणगी, सगळं दाखवत फिरवतो. हिला काय दाखवायचं, जमीन?"

आम्ही बाकीचे पाहिले. चाळीसही गौरींची नजर खाली.

"शिनेमातली सून हाय ही," शेजारी रंग देत बसलेली माझी काकू पुटपुटली. आईनं टीव्ही बंद केला, डोळ्यांवर पांढरा रंग फिरवला आणि दोन दिवसांत सगळे पुन्हा आखले. आता त्या समोर बघत होत्या. म्हातारी खूश होऊन एक घेऊन गेली.

बोट बरं झाल्यावर बाबांनी ब्रशसाठी हात पुढे केला. आईनं दिला नाही.

"गनपतीचं पन मीच काढीन," ती म्हणाली.

बाबांनी त्या समोर बघणाऱ्या गौरींकडे पाहिलं. मग एक मूर्ती तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "उजवा डोळा आधी काढ."

"ठाव हाय," आई म्हणाली. "वीस वर्सं बघतेय."