अण्णांचा कान आणि माझी गाडी

यशवंत अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी बंगळुरात, बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकले होते. त्यांच्या मुलाचा, रमेशचा, फोन आला. "अक्का, अण्णा गेले. सकाळी कॉफी घेतली, आणि बसल्या बसल्याच..." मागचा बसवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, म्हणून मी गाडी पुढे घेतली. रडू नंतर आलं, ऑफिसच्या पार्किंगमध्ये. त्याला आता दीड महिना झाला.

अण्णा मेकॅनिक होते. होसकोटेच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं त्यांचं गॅरेज. मराठी घराणं, पण कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलेलं, त्यामुळे मी पुण्याची म्हटल्यावर "म्हणजे काल आलात तुम्ही" असं त्यांनी पहिल्याच भेटीत ऐकवलं. गिऱ्हाईक बाई असेल तर ती अक्का, मग ती विशीतली असो की सत्तरीतली. गाडी आणली की आधी बॉनेट उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. चालवायची गिऱ्हाइकाने, अण्णा शेजारी डोळे मिटून बसणार, होसकोटेपर्यंत जाऊन परत यायचं. मला वाटलं, म्हातारा झोपला! परत आल्यावर म्हणाले, "क्लच सोडायला घाई करता. आणि मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग जातंय." दोन्ही खरं होतं.

तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग गाडीचा जोर कमी झाला. फ्लायओव्हर चढताना ती हाशहुश करायची, आणि थांबली की कुजक्या अंड्यासारखा वास यायचा. अण्णांनी गाडीखाली शिरून धुराच्या नळीतल्या डब्यावर रबरी हातोडी मारली, तर आत काहीतरी खुळखुळलं. तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत बारीक भोकांची जाळी असते, तिच्यावरून जाताना धुरातलं विष कमी होतं. अण्णांनी डब्याच्या आधीचा सेन्सर काढून तिथे प्रेशरचं मीटर लावलं आणि काटा मला दाखवला. धूर तुंबत होता. दुसरा कोणी म्हणाला असता, जाळी फोडून टाकू, डबा रिकामा ठेवू. असं पुष्कळ ठिकाणी करतात. अण्णांना ते मंजूर नव्हतं. "जाळी आपणहून मरत नाही, अक्का. कोणीतरी मारतं. न जळलेलं पेट्रोल आत गेलं की ती वितळते. इंजिनचा दिवा लागला होता काय?"

मी म्हणाले, "नाही."

दिवा लागत होता. महिनाभर, एक दिवसाआड. मी ऑनलाइन एक छोटं यंत्र मागवलं होतं. ते स्टिअरिंगखाली खोचायचं, मोबाइलवर बटण दाबायचं, की दिवा जातो आणि गाडीने नोंदवलेला दोषही पुसला जातो. ऑफिसात माझं कामच ते, सकाळी स्क्रीनवर लाल दिसलं की नऊच्या आत हिरवं करायचं. गाडीचंही तेच करत होते. अण्णांना सांगायची लाज वाटली. गॅरेजमध्ये बाईमाणसाला तसंही अर्धवट समजतात, त्यात आणखी भर कशाला?

अण्णांच्या स्कॅनरवर काहीच दिसलं नाही. ठिणगी पाडणारे प्लग, त्यांना वीज पुरवणाऱ्या कॉइल, सगळं तपासलं, सगळं ठीक. त्यांनी नवा कन्व्हर्टर बसवला. मी दिवा पुसतच राहिले, आणि पाच महिन्यांत तोही गेला. अण्णांनी तो कापून उघडला आणि वितळलेल्या जाळीकडे नुसते बघत बसले. मग म्हणाले, "चूक माझी. मला ऐकू आलं नाही." तेव्हा बोलायला हवं होतं... नाही बोलले.

त्यानंतर एकदा ऑइल बदलायला गेले, तर अण्णा बाहेर खुर्चीवर आणि रमेश एकटाच कामाला. तो हळूच म्हणाला, "अण्णा आता इंजिनचं काम घेत नाहीत, अक्का. आलेली गाडी परत पाठवतात. म्हणतात, कान गेला माझा, लोकांच्या गाड्या का बिघडवू." पन्नास वर्षं तो माणूस कानावर जगला होता. मी तिथेच, भर दुपारी, अण्णांसमोर उभी राहून सगळं सांगून टाकलं.

ते रागावले. असे की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. "मूर्ख आहात काय? तीन महिने मी डॉक्टरकडे कान दाखवत फिरतोय! गाडी ओरडून सांगत होती आणि तुम्ही तिचं तोंड दाबलं!" मग अण्णा पाणी प्यायले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चला. होसकोटे नको. तुमच्या त्या बेळ्ळंदूरच्या गर्दीत चला. यंत्राला हात लावायचा नाही."

दीड तास आम्ही रांगत होतो. अण्णा डोळे मिटून बसलेले. अचानक बोट वर केलं, "हं, आत्ता. पुन्हा. तिसरा सिलिंडर." आणि दिवा लागला. तिसरी कॉइल नीट तापली की दगा देत होती, थंड असताना शहाण्यासारखी वागत होती. "स्वल्पच चुकते, पण चुकते," अण्णा म्हणाले, आणि इतके खूश झाले की वाटेत मला इडली खाऊ घातली. दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा कामाला लागले. शेवटच्या सकाळीही त्यांची एक गाडी अर्धी उघडलेली होती. तीन महिने मात्र मी त्यांचे फुकट घालवले, ते कुठून आणून देणार?

परवा, ती कॉइल बदलल्यानंतर पहिल्यांदाच, गॅरेजमध्ये गेले. हत्यारांच्या फळीवर एक पाटी दिसली, कन्नड आणि मराठीत, अण्णांच्या हातची. 'गाडीला तुम्ही स्वतः काय केलंत ते आधी सांगा. कोणी रागावणार नाही.' रमेश म्हणाला, "तुम्ही सांगून गेलात ना, त्याच आठवड्यात लिहिली. सगळ्यांना वाचायला लावायचे."

मी पाटी दोनदा वाचली. मग रमेशला म्हणाले, "गेल्या सोमवारी दिवा लागला होता. मीटिंगची घाई होती, मी पुसला."

"सरी, ठीक आहे अक्का, बघतो," तो म्हणाला आणि बॉनेट उघडायला गेला. पाटीवर लिहिल्याप्रमाणे तो रागावला नाही. मी वाट बघत उभी होते, कोणीतरी रागवावं म्हणून.