पाणी कुठून आणलं?

शुभदाच्या यजमानांचा, श्रीधररावांचा फोन आला तेव्हा मी पापडी गावातल्या माझ्या घरी, मागच्या अंगणात पानवेलीपाशी उभी होते. "मंदाताई, शुभदा गेली... झोपेतच," एवढंच ते बोलले. मी म्हणाले, "बरं." असल्या बातमीला कोणी बरं म्हणतं का? पण मला खरोखरच वाटलं, लागली असेल नेहमीची तंद्री, चहा झाला की येईल भानावर. त्याला आता महिना उलटून गेला, तरी मी आपली वाट बघतेच आहे.

तिची तंद्री हा आमचा कायमचा भांडणाचा विषय. आम्ही कॉलेजातल्या मैत्रिणी. ती संख्याशास्त्रात पहिली यायची आणि चुकीच्या एसटीत चढण्यातही पहिला नंबर तिचाच. पुढे चांगली नोकरी सोडून तिनं सरकारी खात्यांना आकडेवारीचा सल्ला देण्याचं काम सुरू केलं आणि पत्रव्यवहार सांभाळायला मला ओढलं. चंदनसारच्या तिच्या फ्लॅटचा हॉल हेच आमचं ऑफिस. टेबलावर तो ढब्बू कॉम्प्युटर, खिडकीत डोंगराचा तुकडा, आणि दुपारी उन्हाची तिरीप फरशीवरून हळूहळू सरकत यायची. एखादा तक्ता वाचून झाला की शुभदा डोळे मिटून बसायची. झोपली म्हणावं तर बोटं हलत असायची.

"काय चाललंय?"

"फिरतेय गं... घराघरांतून."

आकड्यांच्या ओळीतून ती त्या गावात शिरायची म्हणे. कुठल्या दारात मासळी वाळतेय, कुठे कोणी भांडी घासतंय, सगळं तिला दिसायचं. "हे फिरणं बिलात लावू का?" असं मी विचारलं की ती डोळे न उघडता हसायची. खरं सांगते, कधी कधी मीही तिच्या शेजारी डोळे मिटून पाहिलं. मला फक्त पंख्याचा आवाज ऐकू आला.

दोन हजार सालानंतरची पहिलीच काही वर्षं. किनाऱ्यावरच्या वस्त्यांना नळाचं पाणी द्यायची योजना होती आणि कुठे पाणी नाही ते शोधायचं काम शुभदाकडे होतं. प्रश्न तिनं काढले, पाहणीसाठी नेमलेल्या मुलींनी घरोघर जाऊन विचारले, अहवाल गेला, मंजूरही झाला. मी पेढे आणले. पेढा तोंडात घालता घालता ती थांबली. "मंदे, अर्नाळ्याच्या अलीकडची ती कोळ्यांची वस्ती... तिथे मला फिरताच येत नाहीये." त्या वस्तीत घरटी एकच उत्तर होतं, पाणी आहे. "इतकं गुळगुळीत माणसांचं नसतं गं," ती म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. समुद्र धुरकट, बोंबलांच्या माळा वाऱ्यावर हलताहेत, आणि वाळू इतकी मऊ की आपण चालतोय की तरंगतोय कळू नये. पहिल्याच दारात एका म्हातारीनं आम्हाला बसवलं आणि पितळी पेला पुढे केला. "आधी पानी पी गो बाय, मंग काय त इचार." पाणी गोड होतं. शुभदानं अर्धा पेला पिऊन सहज विचारलं, "आजी, हे पाणी कुठून आणलं?"

"त्या लांबच्या वाडीशी. आमचे हिरीचा पानी खारा हाय. आमी तोच पितो. पन पावन्याला खारा कसा द्येनार?"

पेला तिच्या हातात तसाच राहिला. आमच्या मुली दारोदार गेल्या, "पाणी आहे का?" म्हणाल्या, आणि प्रत्येक दारातून पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेलं पाणी पुढे आलं. ते पिऊन त्यांनी "आहे" असं लिहून घेतलं. त्या आदरातिथ्यापायी अख्खी वस्ती योजनेतून गळली होती. शुभदानं उरलेलं पाणी संपवलं. वाटेत एवढंच म्हणाली, "प्रश्न माझाच चुकला."

मी तिला परोपरीनं समजावलं. खात्यातल्या साहेबांनीही समजावलं. "मॅडम, मंजूर अहवाल मागे घेतलात तर तुमचं नाव खराब होईल. पुढचं काम मिळणं कठीण आहे." शुभदा खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, लागली तंद्री! पण ती वळून शांतपणे म्हणाली, "नाव माझंच आहे ना, साहेब? होऊ दे खराब. त्या बायकांना वर्षानुवर्षं खारं पाजायचं का?"

अहवाल तिनं मागे घेतला, चूक आपली म्हणून सही केली, वस्ती पुन्हा विचारून काढली. पुढचं काम अर्थात दुसऱ्याला गेलं. हात दाखवून अवलक्षण, असं मी तिला रागारागानं बोलले, आठवडाभर अबोला धरला. तिनं तो बहुतेक लक्षातच घेतला नाही. नळ यायला पुढे बराच काळ गेला, पण आला. आम्ही बघायला गेलो तेव्हा म्हातारीनं नळाखाली पेला धरून तो शुभदाला दिला. त्या दिवशी तिनं काहीच विचारलं नाही, नुसती पीत राहिली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं निर्मळ माणूस माझ्या वाट्याला आलं होतं, आणि मी तिच्याशी बसगाड्यांवरून भांडत होते.

तेव्हापासून कॉम्प्युटरशेजारी झाकलेला एक पेला कायम असायचा. येईल त्याच्यापुढे आधी तो. आणि स्वतः कुठेही गेली की पाणी हातात घेऊन तिचा तो प्रश्न, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. लोक हसायचे.

परवा चंदनसारला गेले. हॉल तसाच आहे, कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलाय. तिरीप खुर्चीपर्यंत आली होती. श्रीधरराव आत गेले आणि पेला भरून घेऊन आले. मी तोंडाला लावणार, एवढ्यात माझ्याच तोंडून निघालं, "कुठून आणलं?"

ते जरा गोंधळले. "तीन दिवस नळ नाही हो इकडे. टँकरही आला नाही. तेवढं एक भांडं होतं... तुम्ही येणार म्हणून झाकून ठेवलं होतं."

मी तिच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि पेला संपवला.