बाजाराच्या दिवशीचं शास्त्रविद्यालय

शालिग्राम तायडे प्राचार्य झाले तेव्हा त्या जागेसाठी दुसरं कुणी उरलंच नव्हतं. सुलतानपूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तयार करणारं एक लहानसं ख्रिस्ती शास्त्रविद्यालय होतं. परदेशी मिशनऱ्यांनी काढलेलं. कवेलूंची लांब इमारत, एका टोकाला वसतिगृह, मागं विहीर. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथले परदेशी प्राचार्य, मोठे साहेब, आजारी पडून मायदेशी गेले आणि नवा साहेब आता यायचा नाही, असं कळलं. शालिग्राम तिथंच शिकलेले, तिथंच बायबलचा जुना करार शिकवत होते. कारभार त्यांच्याकडं आला.

त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी विचारलं, "मंग आता तुमी साहेब झाले काय?"

"कारभार भेटला," शालिग्राम म्हणाले. "साहेब कोनी होत नसते."

पहिल्याच वर्षी दानियल नावाचा त्यांचा हुशार विद्यार्थी पाळकपण सोडून परत आला. जळगाव जामोदकडच्या चार खेड्यांत विखुरलेली ख्रिस्ती मंडळी त्याच्याकडं दिली होती. "गुरुजी, लोक चांगले हायेत," तो म्हणाला. "पन कापूस येचाच्या दिवसात उपासनेले कोनी येत नाही. मी वावरात कामाले गेलो, त म्हनतात, पाळक असून निंदन करते काय? मंग म्या दिवसभर करावं काय?" त्या वर्षी वसतिगृहात नवी मुलंही थोडीच आली. शिकायची हौस असलेले नागपूर-पुण्याकडं जात आणि तिकडचेच होऊन राहत.

शालिग्राम खेड्यांत हिंडू लागले. लोक आधीपासून कुणाचं ऐकतात, ते त्यांना पाहायचं होतं. लोणारच्या पलीकडं एका गावात त्यांना कडूबा खिल्लारे भेटला. धंद्यानं गवंडी. रविवारी चार घरं जमवून तोच प्रार्थना करायचा, मयताला तोच उभा राहायचा.

"विद्यालयात ये. तीन वर्षांत पाळक होशील," शालिग्राम म्हणाले.

"मले बलावता, पन घर कोन पाहीन? लेकरं लहान हायेत," कडूबा म्हणाला. "बाजारले मात्र येतो मी. लोणारच्या बाजारले माहा खाडा नाही."

परतीच्या बसमध्ये शालिग्रामांच्या डोक्यात तेच वाक्य घोळत राहिलं. पुढच्या बैठकीत त्यांनी विद्यालयाच्या कारभारी मंडळापुढं प्रस्ताव ठेवला: विद्यालयानंच बाजाराच्या दिवशी लोणारला जायचं. येतील त्यांना दोन-तीन तास शिकवायचं.

मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव सरकटे हे निवृत्त हेडमास्तर. ते चिडलेच. "पाळक काय बाजारातून पिशवीत घालून आणायची वस्तू आहे? उद्या लोक म्हणतील, साहेब गेला आणि यांनी विद्यालयाचं दुकान केलं." बराच वाद झाला. शेवटी एका वर्षापुरती परवानगी मिळाली, तीही नाखुशीनं.

लोणारला ख्रिस्ती लोकांची स्वतःची जागा नव्हती. धान्याचे व्यापारी अब्दुल गनी यांनी आपली मागची वखार दिली. "शिकवा गुरुजी, खुशाल शिकवा," ते म्हणाले, "पन इथं बिडी कोनाले ओढू देऊ नका. कडब्याले आग लागन."

पहिल्या दिवशी तिघं आले, त्यातला एक सावलीसाठी. हळूहळू माणसं वाढली. मिरच्या विकायला येणारी झुंबरबाई टोपली रिकामी झाली की मागं येऊन बसे. शालिग्रामांनी पुस्तकी भाषा सोडली आणि वऱ्हाडीत शिकवू लागले. भावाभावांचं भांडण कसं मिटवावं, मयताच्या घरी काय बोलावं, असे प्रश्न लोक विचारत आणि त्यावरून शास्त्राकडं वळत. इकडं वसतिगृहातली मुलं कुरकुरत, की गुरुजी आता आपले राहिले नाहीत. त्यांचंही चूक नव्हतं.

वर्षअखेर मंडळानं वखारीतल्या पाच जणांची परीक्षा घेतली. उत्तमरावांनी कडूबाला बायबलातल्या पौलाच्या एका पत्रातला उतारा काढून वाचायला सांगितला. कडूबाला तो सापडेना. मग त्यानं दुसरीच एक गोष्ट मोठ्या रंगात सांगितली. पाचांतले तिघं नापास झाले आणि कडूबा त्यांच्यातच.

"तायडे, तुमची माणसं गोड बोलायला शिकली," उत्तमराव म्हणाले. "वाचायला शिकली नाहीत."

शालिग्राम आता भांडतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, "खरं आहे. वाचून घेण्याकडं मी लक्षच दिलं नाही."

बाहेर कडूबानं त्यांना अडवलं. "आमच्या बाजूनं बोलले काऊन नाही, गुरुजी?"

"काय बोलू? तू नापास झाला तो माह्यामुळं. पन खोटं पास करून तुले मंडळीपुढं उभं करू काय?"

कडूबा निघून गेला. मंडळानं आणखी एक वर्ष मुदत दिली, पण तो वखारीत दिसेना. शालिग्रामांना जेवण गोड लागेना. सुभद्राबाईच म्हणाल्या, "ज्याले चूक दिसली, त्यालेच इचारा ना."

ते उत्तमरावांच्या घरी गेले. "मास्तर, वखारीत वाचन शिकवायला तुम्ही या."

"मी? मी तर विरोध केला होता."

"म्हणूनच आलो. माझ्या कामातलं उणं तुम्हाला दिसलं, मला दिसलं नव्हतं."

पुढच्या बाजाराला उत्तमराव बसमध्ये होते, मांडीवर गुंडाळी फळा घेऊन. शिकवताना ते फार कडक. मोठ्या बाप्यांनाही उभं करत. झुंबरबाईनं कडूबाला बाजारात गाठून सांगितलं, "नवे मास्तर लय बोलतात, पन समजते बापा. ये तू." कडूबा आला. उत्तमरावांनी मागचं काही काढलं नाही, फक्त पान उघडून समोर ठेवलं.

दुसऱ्या वर्षी कडूबा जेमतेम पास झाला. त्याची पाळकाची दीक्षा त्याच्याच गावात, शाळेपुढच्या मैदानात झाली. अब्दुल गनी लेकीला, बानोला घेऊन आले आणि पुढं बसले. दुसऱ्या दिवशी कडूबा एका घराच्या भिंतीवर कामाला हजर होता, आणि त्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

सगळंच साधलं असं मात्र नाही. वसतिगृह ओस पडत गेलं आणि काही वर्षांनी बंद करावं लागलं. साहेबांचं विद्यालय तायड्यांनी बुडवलं, असं म्हणणारे शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिले. ज्या खोलीत आपण पहिल्यांदा शास्त्र शिकलो, तिथली बाकं शालिग्रामांनी स्वतःच उचलून बाहेर काढली.

बायकांनाही पाळक होता यावं, हे त्यांचं म्हणणं मंडळानं मान्य केलं नाही. उत्तमरावही त्यात त्यांच्या बाजूनं नव्हते. दोघं त्यावर बसमध्ये वाद घालत लोणारला जात आणि वाद घालतच परत येत. झुंबरबाईनं मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. बाजार उठल्यावर तिथल्याच तिच्या ओट्यावर आठ-दहा बाया बसू लागल्या. ती शास्त्र वाचायची आणि त्या ऐकायच्या.