चौदा नंबरची ओळ

फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे नऊ. हजर : मी, मैदानाची व्यवस्थापक. सतबीर, बावीस मार्करांची देखभाल करणारा. मैदानाचे मालक. आणि नोएडाच्या महाराष्ट्र मंडळातले वीस जण.

मी नोंद अशीच करते, आधी माणसं, मग काम. ही नोंद मात्र माझ्या कुठल्याच वहीत नाही. नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला पहिल्यांदा सांगते आहे.

फरीदाबादच्या बाहेर आमचं पेंटबॉलचं मैदान आहे. मार्कर म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणारी बंदूक — पण आम्ही गिऱ्हाइकांसमोर बंदूक म्हणत नाही. तिची साफसफाई सोपी असते. आधी हवेचा सिलिंडर काढायचा, आत अडकलेली हवा सोडायची, नळीत वाळलेला रंग फडक्याने ओढून काढायचा, झिजलेली रबरी रिंग बदलायची, तेलाचे दोन थेंब. आणि शेवटी, जोडणी झाली की गोळीचा वेग मोजायचा. वेग जास्त असेल तर मागचा पेच सैल करायचा. हे सगळं मीच यादीत बसवलं होतं. दर मार्करला एक अशा बावीस ओळी, प्रत्येक ओळीत पाच रकाने. वेळ वाचावा म्हणून 'काम करणारा' या रकान्यात सतबीरचं नाव छापूनच टाकलं होतं, बावीसही ओळींत. तो अकरा वर्षं हेच काम करत होता. दुसरं कोण करणार होतं?

शनिवारी मी केलं. चौदा नंबरची गोळी जेमतेम पुढ्यात पडत होती. सतबीर बाहेर जाळ्या बांधत होता. मी ती उघडली, रिंग बदलली, तरी समाधान होईना म्हणून पेच दीड फेरा आवळला. मग वेग मोजायला घेतलं, तर मोजणीच्या यंत्राचा सेल संपलेला. सेल आणणे — असं वहीत लिहिलं. आणि यादीत चौदाच्या ओळीवर, वेगाच्या रकान्यात, बरोबरची खूण केली. रिकामा रकाना मला बघवत नाही. कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

रविवारी मंडळाची मंडळी आली. त्यांतले सामंत मास्क चढवता चढवता म्हणाले, "ताई, तुम्ही आहात म्हणून आलो हं. नाहीतर हिला म्हणत होतो, घरीच पत्ते कुटू." त्यांची बायको म्हणाली, "तिथंही हरलाच असता." सगळे हसले. मीही हसले. मैदानावर मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून ते दर वर्षी आमच्याकडे येत.

सामंतांच्या उघड्या हातावर गोळी बसली ती चौदा नंबरची. जवळून. मधल्या बोटाचं हाड मोडलं. हात छातीशी धरून त्यांनी मला विचारलं, "ताई, तपासलं होतं ना सगळं?"

"हो," मी म्हणाले. "यादीत आहे."

इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी कोणाला सांगितलंही असतं. बोट सहा आठवड्यांत जुळलं. पुढचं सांगितलं नसतं.

दुपारी मालकांनी चौदा नंबर मोजणीच्या यंत्राला लावून पाहिली. तोवर मी सेल आणलेला होता — तेवढं काम मी ताबडतोब केलं. वेग भलताच जास्त निघाला. यादी टेबलावर होती. वेग तपासल्याची माझी खूण होती, तर मग पेच नंतर कोणीतरी फिरवला असणार, हो ना? आणि ओळीत नाव कोणाचं होतं?

सतबीर माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. "मैडम, चौदह नंबर तो शनिवार को आपने खोली थी ना?"

तो आरोप करत नव्हता. त्याला वाटलं, कामाच्या गडबडीत मी विसरले. आठवण करून देत होता.

"नहीं," मी म्हणाले.

मालक म्हणाले, "कागज़ पे तो तेरा ही नाम है, सतबीर."

तो माझ्याकडे बघत राहिला — किती वेळ? मी यादीकडे बघत होते. मग त्याने कमरेची चाव्यांची जुडी सोडून टेबलावर ठेवली, हळू, आवाज न करता. त्याच दिवशी गेला. नंतर दोन मैदानवाल्यांनी मालकांना फोन करून त्याच्याबद्दल विचारलं. मालकांनी जे खरं समजत होते तेच सांगितलं. दोन्ही वेळा मी त्याच खोलीत होते, पुढच्या आठवड्याची यादी करत. आता तो बल्लभगडला ई-रिक्षा चालवतो, असं कानावर आलं.

मला त्या दिवशी रडू आलं नाही. नंतरही नाही. संध्याकाळी घरी जाऊन मी डाळ लावली.

छापील नाव मी यादीतून काढलं. आता जो काम करतो तो स्वतः लिहितो. मालक म्हणाले, पद्धत चांगली आहे. ती जुनी यादी माझ्या खणात आहे, आणि चौदा नंबर कपाटात, पेच तसाच, दीड फेरा आवळलेला.

आजच्या पानावर सहा कामं होती. हवेचे सिलिंडर भरून आणणे, मास्क धुणे, जाळी, रिंगांची मागणी, विजेचा माणूस. पाच झाली. सहावं — चौदाच्या ओळीतलं सतबीरचं नाव खोडून माझं लिहिणे, मालकांना दाखवणे — उद्याच्या पानावर उतरवून घेतलं आहे.