नाल्याकडची ज्वारी

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत. मातीचे नमुने आणि किस्से! नमुन्यांवर निदान लेबल असतं. किस्से नुसतेच साठत जातात आणि चहाचं पातेलं चढलं की बाहेर पडतात.

मी नांदेडला संशोधन करते. गाईड कांबळे मॅडम. विषय असा, की मातीत शिशासारखे जड धातू मिसळले तर ज्वारी-गव्हाची वाढ कशी खुंटते. ऐकणाऱ्याला इथेच जांभई येते. मॅडमना कधी येत नाही, त्यामुळे मलाही देता येत नाही!

*

एक दिवस उदगीरकडच्या खेड्यातून काशीबाई आल्या. पिशवीत माती. त्यांच्या रानाशेजारून नाला जातो आणि नाल्याच्या वरच्या अंगाला कुणी तरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं.

"बाई, इकडली ज्वारी माझ्या खांद्याला लागते, नाल्याकडली कमरेला. नातवाला तिची भाकर घालू का नको, तेवढं सांगा."

मॅडमनी लगेच मला टेप घेऊन रानात पाठवलं. तीन तास मी ज्वारीच्या ताटांची उंची मोजली, सरासरी काढली. उत्तर आलं, खांदा आणि कंबर!

*

नमुने घ्यायला पुढच्या वेळी मॅडम स्वतः आल्या. लोखंडी खुरपं मातीला लावायचं नाही, त्यातला धातू मिसळतो, म्हणून प्लॅस्टिकच्या चमच्यानं माती काढत बसल्या. बांधावर ही गर्दी!

एक आजोबा शेवटी न राहवून म्हणाले, "एवढ्या शिकल्या अन् रान चमच्यानं उकरायल्यात!"

मॅडम हसल्या आणि दुसरा चमचा त्यांच्या हातात दिला. आजोबा संध्याकाळपर्यंत उकरत होते.

*

त्या मातीत आम्ही कुंड्यांमध्ये ज्वारी लावली. अर्ध्या कुंड्या चांगल्या मातीच्या, अर्ध्या नाल्याकडच्या. नाल्याकडची रोपं पिवळी, खुरटी. आणि एका आठवड्यात अचानक हिरवीगार!

मी खूश. मॅडम मात्र थेट गफूरमामांकडे गेल्या. मामा आमचे लॅब अटेंडंट, पण मूळचे शेतकरी.

"मॅडम, माझ्यानं बघवंना. उपाशी लेकरावानी दिसायलेत. थोडं शेणखत टाकलं."

सगळा प्रयोग वाया! मी रडायच्या बेतात. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे विचारलं, "मामा, कोणत्या कुंडीत किती?"

"समद्यांना एकेक कप. एकीवर बी अन्याव केला न्हाई!"

मॅडमनी आधीचा प्रयोग पुन्हा पेरायला लावला. या कुंड्यांसाठी मात्र वहीत नवा रकाना आखला. आजही त्याचं नाव 'मामा ट्रीटमेंट' आहे.

*

लातूरहून एक मोठे प्राध्यापक आमचं काम तपासायला आले. कुंड्यांतली कणसं भरली होती. बोलता बोलता त्यांनी सवयीनं नाल्याकडच्या मातीतलं एक कणीस हातावर चोळलं, हुरडा फुंकला आणि तोंडाकडे नेला.

मॅडमनी फाडकन त्यांच्या हातावर मारली! दाणे जमिनीवर. आमचा प्रोजेक्ट मंजूर करणं त्यांच्याच हातात होतं. मी डोळे मिटले.

"शिसं आहे त्यात, सर," मॅडम म्हणाल्या.

सर लालबुंद. मग म्हणाले, "मंजूर. आधी हात कुठं धुवायचे ते सांगा!"

*

सुगी झाल्यावर काशीबाईंच्या रानातले दाणेही तपासले. इकडली ज्वारी ठीक निघाली. नाल्याकडच्या दाण्यात मात्र शिसं, खायच्या मर्यादेच्या वर. पोस्टानं कळवता आलं असतं, पण मॅडम म्हणाल्या, "त्या एसटीनं आल्या होत्या, आपणही एसटीनं जाऊ."

पोचलो तेव्हा दारात टेम्पो उभा. काशीबाईंचा मुलगा पोती भरत होता. नाल्याकडची पोती काशीबाईंनी आधीपासून वेगळी ठेवली होती. मॅडमनी रिपोर्ट वाचला, सोप्या भाषेत, दोनदा. काशीबाईंनी त्या वेगळ्या पोत्यांवरून हात फिरवला. वर्षाची मेहनत होती ती.

मुलानं नाल्याकडचं पहिलं पोतं उचलून टेम्पोत टाकलं. "आपल्याला खायची न्हाई ना? मग इकून टाकू. दाण्यावर काय लिव्हलंय का?"

काशीबाईंनी पदर खोचला. टेम्पोला हात लावून उभ्या राहिल्या.

"उतरव ते खाली. घेणाऱ्याच्या घरी नातू न्हाई का?"

मुलगा जागचा हलला नाही. काशीबाईंनी स्वतःच पोत्याला हात घातला.

मॅडमनी पर्स माझ्याकडे दिली आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं.