बेदाणे घातलेली भरली केळी

माझे वडील बेदाण्यांना मेल्या माशा म्हणायचे. पानात भरलं केळं पडलं की सारणातला एकेक बेदाणा निवडून मिठाशेजारी ओळीने मांडायचे. म्हणून पोलादपूरजवळच्या आमच्या घरी सारण व्हायचं ते नुसतं ओलं खोबरं, गूळ, काजू आणि चारोळ्यांचं.

वडील मुंबईला जाऊन बोटीवर लागले आणि पुढे त्यांची खबरच येईनाशी झाली. आई मात्र रोज कुंकू लावी आणि रात्री दार नुसतं लोटून ठेवी. कडी घालू म्हटलं तर अंगावर येई.

अशी काही वर्षं गेली. मग एका सर्वपित्रीच्या तोंडावर आजी तिला म्हणाली, "औंदा त्याचं बी पान ठेव गो. कावला शिवला तर समजू. नाय शिवला, तर माझा पोर जिता हाय."

आईने महाडच्या बाजारातून बेदाणे मागवले. राजेळी केळ्यांना चिरा देऊन ती सारण भरत होती आणि बेदाणे अक्षरशः कोंबत होती.

"आये, आबांना आवडत नाय ना?"

"म्हणूनच घालते. त्या पानावर त्यांनी येऊच नये."

घरामागच्या परड्यातल्या दगडी गडग्यावर दोन पानं मांडली, आजोबांचं आणि वडिलांचं. कावळे आजोबांच्या पानावर तुटून पडले. वडिलांच्या पानाकडे एकही फिरकला नाही. दुपार टळली तशी आजीने देवापुढे साखर ठेवली. आई कितीतरी दिवसांनी हसली आणि मला वाटलं, आता आबा येतीलच.

दिवेलागणीला मी आईबरोबर पानं उचलायला गेले. वडिलांच्या पानावरचा भात, वडे, खीर, सगळं जसंच्या तसं होतं. केळं तेवढं नव्हतं. मिठाशेजारी बेदाणे ओळीने मांडलेले होते.

परड्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. आईने बेदाणे वेचून केळीच्या बुंध्याशी पुरले आणि म्हणाली, "आजीला सांगू नको."

मी कधीच सांगितलं नाही. आजी मरेपर्यंत लेकाच्या वाटेकडे डोळे लावून होती आणि आईने तिच्यादेखत रोज ठसठशीत कुंकू लावलं.

त्या सर्वपित्रीच्या रात्री मात्र सगळे निजल्यावर आई उठली आणि दाराला कडी घालून आली.